एकाच टँकरचं पेट्रोल

रोवीना हॅचर बोलायला उभी राहिली की माणसं हातातला घास हातातच धरून ऐकत बसायची. पाद्रीसाहेबांपासून शेरीफपर्यंत कुणाचीही नक्कल करावी तर ती रोवीनानंच. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या टेकड्यांतलं मॅकरी हे गाव एवढंसं, करमणुकीची तशी वानवाच, त्यामुळे तिथं असा गुण वाया जात नाही. पुढं जे काही झालं ते आपल्या या जिभेपायी झालं, असं तिला नंतर कायम वाटत राहिलं.

म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, अंथरूण बदलायचं, हे तिचं काम. एका संस्थेकडून ती जायची. ही माणसं राहायची डोंगरांच्या बेचक्यांत, एक या खोऱ्यात तर दुसरं त्या खोऱ्यात. दिवसाला नव्वद मैल तिची जुनी गाडी पळायची, आणि संस्था मैलामागे पैसे द्यायची ते तीन वर्षांपूर्वीच्या हिशेबानं. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात पेट्रोलनं गॅलनला चार डॉलर ओलांडले. आपण कमवायला बाहेर पडतो की गमवायला, हेच तिला कळेनासं झालं.

जूनमध्ये तिच्या चुलतबहिणीनं तिला एक ईमेल पुढं पाठवली. म्हणणं सरळ होतं. सगळ्यांनी मिळून एकाच कंपनीचं पेट्रोल घेणं बंद करायचं, सगळ्यात मोठ्या कंपनीचं. खप पडला की ती भाव उतरवणार, आणि तिनं उतरवला की बाकीच्यांना उतरवावाच लागणार. रोवीनानं ती छापून घेतली आणि रविवारी चर्चमधल्या जेवणात वाचून दाखवली. नुसती वाचली असती तर बहुधा लोक विसरून गेले असते. पण तिनं तेलकंपनीचा बडा साहेब उभा केला. टायची गाठ सैल करत, खुर्चीत मागं रेलत साहेब म्हणाले, "काय? मॅकरीवाल्यांनी आपलं तेल बंद केलं? अरे, आणा रे माझी ब्लडप्रेशरची गोळी."

सगळे पोट धरून हसले. हसणं ओसरलं तशी जॉयस मॅबरी उठली. जॉयसचं केस कापायचं दुकान होतं आणि गावातली प्रत्येक गोष्ट त्या दुकानातून फिरून जायची.

"हसण्यावारी नेऊ नका," जॉयस म्हणाली. "ती सांगतेय त्यात खोटं काय आहे? मी म्हणते, करूया."

हात वर झाले. कंपनी कुठली ते ईमेलमध्येच होतं, सनक्रेस्ट. आणि साऱ्या पंचक्रोशीत सनक्रेस्टची पाटी एकाच पंपावर होती, ओरिन टॅकेटच्या.

"मग ओरिनचं काय?" मागच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं.

"ओरिन त्यांचाच माणूस ना?" जॉयस म्हणाली. "सांगेल की वरती. तेवढंच तर पाहिजे आपल्याला."

ओरिन त्यांचा माणूस नव्हता, हे रोवीनाला त्या क्षणी नीटसं ठाऊक नव्हतं. पण तो कुणाचा नवरा होता ते ठाऊक होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती त्याच्या बायकोला, नेल्डाला, आंघोळ घालायला जायची; तिकडच्या रीतीनं तिला आदरानं मिस नेल्डा म्हणायची. त्या वेळी हात वर करताना तिनं मिस नेल्डाचा विचार मनाआड केला. सगळं गाव आपल्याकडे बघतंय हे सुख फार दिवसांनी वाट्याला आलं होतं.

ओरिन टॅकेटचं घर पंपाच्या मागंच होतं. मधे एक अंगण, अंगणात कपडे वाळत घालायची तार. नेल्डाला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला तो एकच शब्द, "बरं." भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, राग आला तरी बरं. त्या एका शब्दाच्या चढउतारावरून काय ते ओळखायचं. ओरिनला ओळखता यायचं आणि रोवीनाला यायचं.

मंगळवारी ती गेली तेव्हा ओरिन स्वयंपाकघरात उभा होता. एरवी या वेळी तो दुकानात असायचा. सकाळी त्याच्याकडे सॉसेज घातलेले गरम पाव आणि कॉफी मिळायची, मासे धरायला जाणाऱ्यांसाठी गळाला लावायची गांडुळं माती भरलेल्या डब्यांतून मिळायची.

"आज दुकानात कुणी नाही वाटतं, मिस्टर टॅकेट?" तिनं विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

"नाही," तो म्हणाला. "तू साहेबाची नक्कल झकास केलीस म्हणतात. माझी हुकली."

रोवीनाचे कान तापले. "तुमच्याविरुद्ध काही नाही हो. कंपनीविरुद्ध आहे ते."

"बस जरा." तो स्वतः मात्र उभाच राहिला. आवाज चढला नाही, उलट एखाद्या पोराला गणित समजवावं तसा तो बोलत होता. "पाटी कंपनीची आहे, रोवीना. पंप माझा, दुकान माझं. पेट्रोल मी त्यांच्याकडून विकत घेतो, आणि भाव तेच सांगतात. एका गॅलनमागे मला सात-आठ सेंट सुटतात, त्यातले निम्म्याहून जास्त क्रेडिट कार्डवाले खातात. मी जगतो ते कॉफीवर आणि गांडुळांवर. लोक पेट्रोलला थांबले नाहीत तर कॉफीलाही थांबत नाहीत."

"मग तुम्ही कंपनीला फोन करून सांगा ना, लोक चिडलेत म्हणून."

"केला. मशीन बोलतं. एक दाबा, दोन दाबा." तो किंचित हसला. "आणि दुसरी गोष्ट. तुम्ही सगळे आता पेट्रोल बायपासवरच्या मोठ्या दुकानाच्या पंपावर भरता ना?"

"हो."

"सोमवारी सकाळी डेल्मर माझ्याकडे टँकर घेऊन येतो. माझी टाकी भरली की तोच टँकर घेऊन तो बायपासवर जातो. डेपो एक, टँकर एक, ड्रायव्हर एक. त्याचं पेट्रोल माझ्याकडे विकलं गेलं नाही म्हणून कंपनीचं काय अडतं? ते दोन मैल पुढं जाऊन विकलं जातं."

आतल्या खोलीतून नेल्डाची हाक आली, "बरं?" कोण बोलतंय असं तिला विचारायचं होतं.

रोवीना उठून आत गेली. पाणी कोमट केलं, साबण घेतला, नेल्डाची पाठ चोळली. नेल्डानं डाव्या हातानं तिचा दंड थोपटला, नेहमी थोपटायची तसा. ओरिननं बायकोला काहीच सांगितलं नव्हतं, हे रोवीनाच्या लक्षात आलं. पाठ पुसताना तिला नेल्डाच्या समोर येववेना. मागं उभं राहूनच तिनं बरीचशी कामं उरकली.

म्हातारा आपला धंदा वाचवायला काहीही सांगेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. ती पुढच्या सोमवारपर्यंत टिकली. सोमवारी खोऱ्यातल्या एका घरी जाताना ती मुद्दाम बायपासच्या रस्त्यानं गेली. टॅकेटच्या पंपावरून चंदेरी टँकर निघाला होता. ती त्याच्या मागं राहिली. दोन मैलांवर टँकरनं उजवीकडे वळायचा दिवा लावला आणि तो मोठ्या दुकानाच्या आवारात शिरला. ड्रायव्हर खाली उतरला, हातमोजे चढवले, नळी ओढली. रोवीना रस्त्याकडेला गाडी उभी करून बघत राहिली. त्या दिवशी जिथं गेली तिथं तिला उशीर झाला.

हे तिनं कुणालाही सांगितलं नाही.

सांगायचं ठरवून ती जॉयसच्या दुकानात गेलीही होती. पण तिथं खुर्च्यांवर बायका बसलेल्या, साप्ताहिकाचा वार्ताहर कॅमेरा गळ्यात अडकवून उभा, आणि जॉयसनं पुठ्ठ्यांवर पाट्या रंगवून ठेवलेल्या. "आलीस? तुझीच वाट बघतोय," जॉयस म्हणाली. "शनिवारी पंपासमोर उभं राहायचंय. फोटो तुझा मधोमध." आता या सगळ्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? उद्या सांगू, असं ती मनाशी म्हणाली. शनिवारी ती ओरिन टॅकेटच्या पंपासमोर पाटी घेऊन उभी राहिली. ओरिन एकदाच दारात आला, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून त्यानं रांगेतले चेहरे पाहिले आणि आत गेला. कुठल्याही चेहऱ्यावर त्याची नजर थांबली नाही. तिच्याही नाही.

त्यानंतर ती त्याच्या घरी जायची तेव्हा तो दुकानात जाऊन बसायचा. गिऱ्हाईक नसलं तरी.

गाव बायपासवर पेट्रोल भरत राहिलं. तिथल्या मोठ्या दुकानानं गर्दी पाहून भाव तीन सेंटनी वाढवला. त्यावरही रोवीनानं चर्चमध्ये एक नक्कल करून दाखवावी असं लोकांचं म्हणणं पडलं. तिनं घसा बसल्याचं सांगितलं.

ऑगस्ट संपता संपता टॅकेटचा पंप बंद झाला. कंपनीची दोन माणसं शिडी लावून पाटी उतरवून घेऊन गेली. दुकान, घर, अंगण सगळं एकत्रच विकायला निघालं. दुकानाच्या जिवावर ओरिननं नेल्डाकडे बघायला दुपारची एक बाई कामाला लावली होती, ती आता परवडण्यातली नव्हती, आणि एकट्याच्यानं नेल्डाला उचलणं व्हायचं नाही. तिला चाळीस मैलांवरच्या शुश्रूषागृहात ठेवायचं ठरलं. तो जवळच एक खोली घेऊन राहणार होता.

शेवटच्या शुक्रवारी रोवीनानं नेल्डाला आंघोळ घातली. खोलीत खोकी बांधून ठेवलेली होती. नेल्डा त्यांच्याकडे बघत होती आणि एकसारखी म्हणत होती, "बरं? बरं?" रोवीनाला त्याचा अर्थ लख्ख कळत होता. काय झालं, आपण कुठं चाललोय, का चाललोय, असं ती विचारत होती. त्या खोलीत उत्तर ठाऊक असलेली एकटी रोवीनाच होती. तिनं टॉवेल घडी करून ठेवला, उलगडला, पुन्हा घडी केला. "सगळं नीट होईल, मिस नेल्डा," ती म्हणाली. त्यावर नेल्डानं तिचा दंड थोपटला.

आणि मग ऑक्टोबरात भाव कोसळला. तीन डॉलर, अडीच, दोन, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमाराला तर दोनच्याही खाली. मॅकरीत आनंदीआनंद झाला. त्याच ऑक्टोबरात गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यानं दोन पाळ्या बंद केल्या आणि गावातली साठ माणसं घरी बसली. टीव्हीवर रोज बँका बुडत होत्या. सगळ्या जगानंच हात आखडता घेतला होता, कुणी काही घेत नव्हतं, म्हणून तेल उतरलं होतं. पण या दोन गोष्टींची सांगड घालायची कुणाला गरज वाटली नाही. भाव उतरावा म्हणून गावानं लढा दिला होता आणि भाव उतरला होता.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी चर्चच्या जेवणात पाद्रीसाहेबांनी रोवीनाला पुढं बोलावलं. तिचं नाव कोरलेली लाकडी पाटी तिच्या हातात दिली. टाळ्या थांबेनात.

"मला काहीतरी सांगायचंय," रोवीना म्हणाली.

"नक्कल, नक्कल," मागून कुणी ओरडलं.

"नक्कल नाही. भाव आपल्यामुळे नाही उतरला. आपल्यामुळे फक्त टॅकेटचा पंप बंद पडला. बायपासवरचं पेट्रोल आणि त्यांचं पेट्रोल एकाच टँकरमधून यायचं. मी डोळ्यांनी बघितलंय."

 मग जॉयस हसत म्हणाली, "बघा, हिचं हे नेहमीचंच. कौतुक केलं की लाजते." सगळे हसले, कुणीतरी पुन्हा टाळ्या सुरू केल्या आणि बायका भोपळ्याचे केक कापायला लागल्या. रोवीना पाटी छातीशी धरून तशीच उभी राहिली. एवढी वर्षं तिनं या लोकांना हसवलं होतं. ती खरं बोलतेय हे ओळखायची सवयच त्यांना राहिली नव्हती.

त्या आठवड्यात ती चाळीस मैल गाडी हाकून शुश्रूषागृहात गेली. ओरिन व्हरांड्यात बसला होता. अंगातलं जाकीट तेच, खिशावरची कंपनीची खूण मात्र उसवून काढलेली. धाग्यांची भोकं दिसत होती.

"मिस नेल्डा कशा आहेत?"

"झोपलीय."

रोवीना त्याच्या शेजारी बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "मिस्टर टॅकेट, तुम्ही टँकरचं सांगितलंत ना, ते मी नंतर जाऊन बघितलं. जुलैत. म्हणजे पाटी घेऊन उभी राहिले त्याच्या आधी. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

ओरिननं समोरच्या गाड्यांकडे नजर वळवली.

"जुलैत," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटायचं, तुझा माझ्यावर विश्वास बसला नसेल." तो थांबला. "म्हातारा थापा मारतोय असं वाटलं असेल पोरीला, असं मी धरून चाललो होतो. ते सोपं होतं गं. ते तरी माझ्याकडे राहू द्यायचं होतंस."

 आपण इथवर आलो ते त्याच्यासाठी नाही, स्वतःचं ओझं त्याच्या मांडीवर टाकायला आलो, हे तिला तिथं उभं असताना कळलं. "येते," ती म्हणाली. त्यानं मान हलवली. नेल्डाला न भेटताच ती परतली.

हिवाळा तसाच गेला. मंगळवार-शुक्रवारी संस्थेनं तिला दुसऱ्या घरचं काम दिलं. पंपाच्या जागेवर कुणी आलं नाही. आवारात तडे गेले, तड्यांतून गवत उगवलं. ती रोज तिथून जायची आणि तेवढ्या पट्ट्यात रेडिओ बंद करायची.

मे महिन्यात पेट्रोल पुन्हा चढायला लागलं. एका दुपारी जॉयसचा फोन आला.

"बघितलास का भाव? अडीचला भिडला. ऊठ बाई, पुन्हा कंबर कस. या खेपेला कुठल्या कंपनीला धरायचं ते सांग फक्त."

"जॉयस, मी त्या दिवशी चर्चमध्ये थट्टा करत नव्हते."

"कुठल्या दिवशी?"

रोवीनानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. ओरिन काय म्हणाला, टँकर कुठं वळला, कारखाना आणि भाव एकदमच कसे पडले. जॉयसनं मधे तोडलं नाही. शेवटी ती म्हणाली, "पण उतरला होता ना भाव?"

"उतरला होता."

"मग झालं तर. तुला नसेल करायचं तर नको करू. पण गावानं एक गोष्ट धड केली, त्यात आता माती कालवू नकोस."

फोन ठेवल्यावर रोवीना स्वयंपाकघरात बसली आणि तिनं कागद ओढला. बोलायला उभं राहिलं की लोक हसतात, तेव्हा लिहायचं. चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा जे उतरलं ते तिनं साप्ताहिकाला दिलं. टॅकेट कुटुंबाचा पंप कंपनीनं बुडवला नाही, तो आपण बुडवला, आणि त्यात पुढं मी होते, असं त्यात सरळ लिहिलं होतं. मला जुलैत कळलं होतं, हेही लिहिलं होतं. संपादकानं दोनदा फोन करून विचारलं, खरंच छापायचंय का. मग छापलं, सहाव्या पानावर, ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली.

सहावं पान गावात कुणी वाचत नाही असा तिचा समज होता. सगळ्यांनी वाचलं. जॉयसनं बोलणं सोडलं. कारखान्यातून कमी झालेला एक जण किराणा दुकानात तिला म्हणाला, "वर्षभरात एक बरी गोष्ट घडली होती आमच्या हातून. तीही काढून घेतलीस." चर्चच्या जेवणात तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. फक्त ती उभी राहिली की आता माणसं जेवत राहायची. तिला वाटलं होतं, हे एकदा केलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. नेल्डाची खोकी बांधलेली खोली डोळ्यांसमोर तशीच यायची.

तीन आठवड्यांनी ओरिनचा फोन आला.

"माझ्या मुलीनं कात्रण पाठवलंय," तो म्हणाला.

"हं."

"वाचलं. बरोबर आहे सगळं. ड्रायव्हरचं नाव डेल्मर. तू डेल्बर्ट लिहिलंयस."

"चुकलंच."

 मग ओरिन म्हणाला, "इथल्या पोरी चांगल्या आहेत, पण घाईत असतात. नेल्डाचं अंग नीट पुसत नाहीत. काखेत पुरळ उठलंय. तू या बाजूला येणार असलीस तर रविवारी ये."

"येते की. मिस्टर टॅकेट, मला..."

"रविवारी मी नसतो," ओरिन म्हणाला. "मी लेकीकडे जातो. म्हणून रविवार म्हटलं."

"बरं," रोवीना म्हणाली.

त्या रविवारी सकाळच्या प्रार्थनेला न जाता ती चाळीस मैल गेली. नेल्डा खिडकीशी बसली होती, खूप वाळली होती. रोवीनाला पाहून तिचा डावा हात वर गेला. रोवीनानं पाणी कोमट केलं, पुरळावर मलम लावलं, मऊ फडक्यानं एकेक बोट पुसलं. या वेळी ती नेल्डाच्या समोर बसली. "मिस नेल्डा, तुमचं घर माझ्यामुळे गेलं," ती म्हणाली आणि सोप्या शब्दांत, सावकाश, सगळं सांगितलं. नेल्डा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिला किती कळलं कोण जाणे. तिनं दंड थोपटला नाही. शेवटी ती म्हणाली, "बरं." त्यातला चढउतार मात्र त्या दिवशी रोवीनाला ओळखता आला नाही.

पुढं दोन वर्षं, नेल्डा गेली तोवर, रोवीना दर रविवारी जात राहिली. ओरिन तिला एकदाही भेटला नाही. कपाटावर धुतलेले टॉवेल आणि नव्या मलमाची डबी मात्र दर खेपेला काढून ठेवलेली असायची.